'ओरिजिनल' म्हणवणारी इंजिने आणि कापले जाणारे ब्लॉक #थ्रेड

१/ विंटेज मोटारींच्या वर्तुळात एक विधान सर्रास ऐकू येते : ओतीव बॅबिट बेअरिंग तकलादू आणि कालबाह्य, म्हणून इंजिन उघडलेच तर आधुनिक शेल बेअरिंग बसवून टाकावे. या विधानातला इतिहास चुकीचा आहे आणि त्याची किंमत नव्वद-शंभर वर्षांचे ब्लॉक मोजत आहेत.

२/ आयझॅक बॅबिट या अमेरिकी कारागिराच्या १८३९ च्या पेटंटवरून या मिश्रधातूला नाव मिळाले. आपल्याकडे त्याला व्हाइट मेटल म्हणतात. मुख्यतः कथील, जोडीला अँटिमनी आणि तांबे. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तेलातला कचरा तो स्वतःत रुतवून घेतो. तेल संपले तर क्रँकशाफ्टच्या आधी स्वतः वितळतो. याला दोष म्हणणारे उद्या फ्यूजलाही कमकुवत तार म्हणतील.

३/ फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल एमध्ये बॅबिट थेट ब्लॉकमध्येच ओतलेला असे. ब्लॉक तापवायचा, साच्याभोवती धातू ओतायचा, मग सगळी बेअरिंगे एका रेषेत बोअर करायची. मॉडेल एमध्ये कॅपखाली पातळ शिम असत. झीज झाली की एखादी शिम काढून फट पुन्हा मापात आणता येई. थर पार झिजला तर जुना वितळवून नवा ओतायचा. ब्लॉक तोच राही.

४/ 'आधुनिक' हा शब्दही फसवा आहे. फोर्डच्या व्ही-८ मध्ये मुख्य बेअरिंगांना शेल १९३६ सालीच आले. शेवरोलेच्या सहा सिलिंडरी इंजिनांच्या रॉडमध्ये मात्र ओतीव बॅबिट १९५३ पर्यंत टिकला. गंमत म्हणजे, अनेक शेलांचा वरचा थर शिसे-कथिलाचाच, म्हणजे बॅबिटच्याच कुळातला.

५/ शेलची सरशी एका बाबतीत निर्विवाद आहे : पोलादी पाठीवरचा पातळ थर जाड ओतीव थराइतका लवकर तडकत नाही. पण त्याने आणखी एक गोष्ट साधली. ओतणाऱ्या हाताची गरज संपली. खोक्यातून काढा, बसवा, झिजले की फेकून द्या. कौशल्य गॅरेजमधून उठून कारखान्यात गेले. याला केवळ 'धातूची प्रगती' म्हणणे म्हणजे त्या कारागिराला इतिहासातून वगळणे.

६/ शेल नेमक्या मापाच्या घरात दाबून बसते. जुन्या ब्लॉकमध्ये ते घर नसते, कापून करावे लागते. रॉडचेही तेच. मॉडेल एच्या रॉडला तेल पंपाच्या दाबाने नव्हे, तर उडवून मिळते. म्हणून काही जण पुढे क्रँकशाफ्टलाही तेलाची भोके पाडतात. एक बदल दुसऱ्याला बोलावतो आणि कापलेले लोखंड परत येत नाही.

७/ जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिवाची, ट्यूरिन सनद सांगते की बदल करावेच लागले तर ते उलटवता येण्याजोगे असावेत आणि त्यांची नोंद राहावी. लांबच्या प्रवासासाठी कुणी शेल बसवले तर तो मालकाचा हक्क. पण प्रदर्शनात त्याच गाडीपुढे 'पूर्णपणे ओरिजिनल' असा फलक लागतो, तेव्हा ती खोटी साक्ष ठरते.

८/ 'बॅबिट भरणारे उरलेच कुठे?' हा ठरलेला प्रतिप्रश्न. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेवरोलेची जुळणी सुरू केली, त्या गाड्यांचे रॉड ओतीव बॅबिटचेच होते. जहाजांच्या आणि वीजकेंद्रांतल्या टर्बाइनच्या बेअरिंगांत आजही व्हाइट मेटल भरला जातो. म्हणजे धातू आहे, भट्टी आहे, हातही आहेत. ब्लॉक बोअरिंग मशीनवर चढवण्याआधी त्या दारात एकदा विचारणा व्हावी, एवढीच मागणी आहे.