तू नुसते ओठ हलव!

डिसेंबर उजाडला, की शाळाशाळांतून गॅदरिंगची गडबड सुरू होते. समूहगीतासाठी मुलं निवडली जातात. चाळीस-पन्नासच्या वर्गातून दहा गळे निघतात आणि रांग भरलेली दिसावी म्हणून आणखी दोन-चार मुलं मागे उभी केली जातात. त्यांना हळूच सांगतात, "तू गाऊ नकोस हं, नुसते ओठ हलव." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्याला हे ऐकावं लागतं, ते मूल पुढे बहुधा गातच नाही. आमच्या महिला मंडळात भजनाला बसलं, की "मला बाई सूर लागत नाही" म्हणत नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. जरा खोदून विचारलं, की तिसरी-चौथीतल्या अशाच एखाद्या वाक्यापाशी गोष्ट येऊन थांबते.

मैत्रिणींनो, गणितात कच्च्या मुलाला आपण "तू बेरीज करू नकोस, नुसती पाटी धर" असं म्हणतो का? उलट त्याच्याकडून जास्त सराव करून घेतो. मग गाण्यालाच हा वेगळा न्याय का? कारण संगीताचा तास शिकवण्यासाठी असतो, हेच आपण विसरलो आहोत. तो स्पर्धेसाठी दहा जण निवडायचा तास होऊन बसला आहे. परीक्षा जवळ आली, की तोही गणिताला दिला जातो.

गेली तीन वर्षं आमच्या मंडळातल्या आम्ही चौघीजणी दर शनिवारी एका जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. मी काही गायिका नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि लग्नाआधी दोन वर्षं पेटी शिकले, एवढंच भांडवल. चौघींपैकी एकीची संगीताची परीक्षा झालेली आहे, ती आम्हाला वाट दाखवते. पण एवढ्यावरही पस्तीस मिनिटांत काय काय करता येतं, ते सांगावंसं वाटतं.

पहिले काही शनिवार आम्ही सुराला हातच लावला नाही, फक्त लय धरली. मुलांना गोलात बसवायचं आणि सहा आकडे मोजत एकवर टाळी, चारवर हात उघडा करायचा. झाला दादरा! मग "धा धीं ना, धा तीं ना" तोंडाने म्हणायचं. अर्धा वर्ग बोल म्हणतो, अर्धा टाळी देतो, मग अदलाबदल. दादरा बसला, की आठ मात्रांचा केरवा. वाद्यं नाहीत म्हणून अडत नाही. रिकाम्या डब्यात मूठभर ज्वारी घालून झाकण घट्ट लावलं, की खुळखुळा तयार. नारळाच्या दोन करवंट्या, स्टीलचं ताट, जुने घुंगरू, सगळं चालतं. राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. घड्याळ लावून आम्ही ते म्हणून घेतलं, तर पहिल्या दिवशी गाडी बरीच पुढे गेली. कोण ओढतंय, कोण रेंगाळतंय, हे मुलांनीच शोधून काढलं. लय म्हणजे काय, ते त्या दिवशी समजावून सांगावं लागलं नाही.

सुराचीही एक गंमत आहे. बेसूर ठरवलेली बरीच मुलं बेसूर नसतातच, पट्टी चुकीची असते. गुरुजी स्वतःच्या सोयीने काळी एकमध्ये सुरू करतात. लहान मुलांचा गळा तेवढा खाली जात नाही, मग ती कुठेतरी भलताच सूर पकडतात. काळी चार किंवा पाचमध्ये गाणं घेतलं, की त्यातली निम्मी मुलं आपोआप सुरात येतात. सातवी-आठवीच्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो. त्यांना वर्गात हसू द्यायचं नाही. त्यांच्याकडे ताल द्यायचा, खालच्या सुरातली ओळ द्यायची, पण बाहेर काढायचं नाही.

स्वर डोळ्यांना दिसावेत म्हणून सा कमरेशी, प छातीशी आणि वरचा सा डोक्यावर, असा हात न्यायला सांगतो. पहिला राग भूप. त्यात म आणि नी नाहीत, पाचच स्वर. मी दोन-तीन स्वरांचा तुकडा गायचा, मुलांनी तो परत द्यायचा. थोड्या दिवसांनी एका मुलीने गायचा आणि वर्गाने परत द्यायचा. मुलं स्वतःचे तुकडे करायला लागतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

एकदा घरून चिनी मातीचे बाऊल नेले आणि कमी-जास्त पाणी घालून जलतरंग मांडला. पाणी वाढवलं, की आवाज खाली उतरतो. मग बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून पाहिली, तर उलटंच! तिथे पाणी वाढवलं की आवाज वर चढतो. एकीकडे भांडं थरथरतं, दुसरीकडे आतली हवा. विज्ञानाच्या बाईसुद्धा वर्गाबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या.

आणि एक काम घरचं दिलं. आजीकडून, आईकडून एक गाणं आणायचं. ओव्या आल्या, भोंडल्याची गाणी आली, तांड्यावरच्या मुलींनी त्यांच्या बोलीतली गाणी आणली. दोन वर्षं वर्गात तोंड न उघडलेला एक मुलगा काकाची हलगी घेऊन आला आणि असा वाजला, की वर्ग गप्प! त्या दिवसापासून तो उत्तरंही द्यायला लागला. हे गुण कोणत्या पेपरात धरायचे?

"अभ्यास बुडतो," असं काही पालक म्हणतात. काहीजणी म्हणतात, दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून क्लास लावलाय. जरूर लावा. पण क्लासची फी ज्या घराला परवडत नाही, त्या घरातल्या मुलीसाठी शाळेचा तास हाच एकमेव क्लास आहे. तो गेला, की तिचं गाणं गेलं. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं दरबारातून आणि मोजक्या घरांतून बाहेर यावं, सामान्यांना शिकता यावं म्हणून. सव्वाशे वर्षांनी आपण ते पुन्हा मोजक्यांच्या हाती द्यायचं का?

कायदाही आपल्या बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं म्हटलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही कला हा 'अभ्यासाबाहेरचा' विषय मानू नये, असं सांगितलं. आणि सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, ही तरतूद आहे. म्हणजे खुर्ची आपली आहे, आपणच तिच्यावर सहीपुरत्या बसतो!

पुढच्या बैठकीला तीन प्रश्न विचारा. संगीताचा तास वेळापत्रकात आहे का, आणि खरंच होतो का? त्या तासाला वर्गातलं प्रत्येक मूल गातं-वाजवतं का, की दहाच? शिक्षक नसेल, तर गावातले भजनी मंडळातले काका, हलगी वाजवणारे दादा, ओव्या येणाऱ्या आजी यांना महिन्यातून एकदा बोलावता येईल का? पैसा लागत नाही, फक्त कुणीतरी विचारावं लागतं.

आणि यंदा गॅदरिंगच्या तालमीला जाल तेव्हा मागच्या रांगेकडे जरूर बघा. तिथलं मूल नुसते ओठ हलवत असेल, तर बाईंना तिथल्या तिथे, गोड शब्दांत पण ठामपणे सांगा, "गाऊ द्या त्याला."