तौबा, पापनिवेदन आणि हक्कसोडपत्र

२०२५ साली रमजानचा पहिला रोजा २ मार्चला आला आणि ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार ५ मार्चला. अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये राहणाऱ्याला हे कॅलेंडर न बघताही कळते. त्या संध्याकाळी मी इफ्तारीसाठी केळी आणि खजूर घेऊन घाईत परतत होतो, तर समोरून आमचे शेजारी अंकल चर्चमधून येत होते. कपाळावर राखेचा क्रूस. "तुमचा सुरू झाला, आमचाही सुरू झाला," म्हणाले आणि हसले. ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा त्यांचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो.

अंकल ईस्ट इंडियन. सीप्झच्या आवारात सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. जेझुइटांनी १५७९ साली बांधलेले हे चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे ओस पडले आणि तिथली माणसे मरोळकडे सरकली. आपले पूर्वज त्यातलेच, असे अंकल अभिमानाने सांगतात. त्यांच्या घरात मराठी बोलतात, आमच्याही. ईदचा शीरखुर्मा तिकडे जातो, नाताळचा फराळ इकडे येतो. इतक्या वर्षांच्या शेजारात धर्मावरून थट्टा करण्याइतकी मोकळीक आली आहे. माझी थट्टा ठरलेली असे. "अंकल, तुमचे बरे आहे. शनिवारी फादरच्या कानात सांगायचे, रविवारी पाटी कोरी, सोमवारपासून पुन्हा सुरू."

हा मुद्दा माझा एकट्याचा नाही. आपल्या समाजात तो लहानपणापासून कानावर पडतो. मोहल्ल्यातल्या तकरीरीत, हल्ली यूट्यूबवरच्या मुनाजऱ्यांत. येशूने सगळ्यांची पापे आपल्या डोक्यावर घेतली म्हणजे ख्रिस्ती माणसाला पाप करायला रान मोकळे, असा तो युक्तिवाद. ऐकायला चोख वाटतो, टाळ्याही मिळतात. मीही तो वापरत आलो.

त्या दिवशी मात्र अंकल हसले नाहीत. इफ्तारीनंतर ये, म्हणाले. तरावीहनंतर गेलो. ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितले ते इतक्या वर्षांत कधी सांगितले नव्हते. नावगाव न देता ते लिहायची परवानगी मी नंतर मागितली.

ऐंशीच्या दशकात अंकल साकीनाक्याच्या एका कारखान्यात होते. कामगारांची भिशी त्यांच्याकडे असायची. दारूचे व्यसन होते. भिशीतले पैसे हळूहळू जायला लागले आणि एक दिवस हिशेब जमेना. संशय एका पोरसवदा हेल्परवर गेला. अंकल गप्प राहिले. पोरगा नोकरी सोडून गेला. पुढे कारखानाच बंद पडला आणि सगळे पांगले. कोणी विचारणारे उरले नाही.

कित्येक वर्षे ते पापनिवेदनाला गेले नाहीत. एका ईस्टरच्या आधी बायकोच्या आग्रहाखातर गेले. वाटले होते, दोन प्रार्थना म्हणायला सांगतील आणि सोडतील. फादरनी विचारले, पैसे कोणाचे होते? किती होते? आणि त्या पोराचे काय झाले? क्षमेचे शब्द त्यांनी उच्चारले, पण त्याआधी पैसे परत करायचे कबूल करून घेतले. मोठी रक्कम एकदम जमणार नाही, तर दर महिन्याला थोडी. "मी म्हटलं, फादर, देवाने माफ केलं ना? ते म्हणाले, देवाने केलं म्हणूनच आता तू जाऊ शकतोस."

पैसे फेडायला सहा वर्षे लागली. कोणी घाटकोपरला, कोणी मुलुंडला. काहींना तर आपले पैसे गेले होते हेही आठवत नव्हते. तो हेल्पर शेवटी कल्याणला सापडला. आता त्यालाही मुले होती. अंकलनी दारात उभे राहून सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले, पैसे घेतले आणि दार लावले. माफ केले असे म्हणाला नाही. अंकल म्हणाले, "त्याचा हक्क आहे." दारूही एका दिवसात सुटली नाही. दोनदा पुन्हा घसरले. दर वेळी तेच पाप सांगायला जायची लाज वाटायची, तरी गेले.

नंतर मी थोडे वाचले. कॅथलिक शिकवण स्पष्ट आहे. पापक्षमेने पाप जाते, पण पापाने केलेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरीचा माल परत करावा लागतो, ज्याची बदनामी केली त्याचे नाव साफ करावे लागते. बायबलमध्ये जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. येशू त्याच्या घरी जेवायला येतो आणि तो उभा राहून सांगतो, कोणाचे लुबाडले असेल तर चौपट देतो. येशूने अट घातलेली नाही, आधी घरी आला आहे. क्षमा ख्रिस्ती श्रद्धेत कमाई नाही, देणगी आहे. पण ती मिळाल्याची खूण त्या चौपटीत दिसते. आणि आपल्या मुनाजऱ्यातला तो प्रश्न, की कृपा आहेच तर पाप करत राहू या का, खुद्द संत पौलाने रोमकरांच्या पत्रात विचारला आहे आणि ठणकावून नाकारला आहे. जर्मन धर्मगुरू डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ साली आपल्याच लोकांना 'स्वस्त कृपे'बद्दल झापले. पुढे १९४५ मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिली. म्हणजे आपण बाहेरून जो दगड मारतो, तो त्यांच्या घरातल्यांनी कधीच उचलला होता.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण धर्म स्वीकारला तरी ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, तो काही वर्षांनी सापडला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या अनुयायांसमोर असे कबूल करणारे धर्मपुरुष मी फार पाहिलेले नाहीत. इंदूरजवळ सिस्टर राणी मारियांचा खून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये झाला. मारेकरी समुंदर सिंगला जन्मठेप झाली. सिस्टरच्या सख्ख्या बहिणीने, सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला. गावी शेती करतो, आणि जिला मारले तिच्या कबरीवर जातो. गेलेला जीव परत करता येत नाही, तिथे माणूस काय फेडणार?

श्रद्धेचे मतभेद आहेतच आणि मी ते लपवणार नाही. आमच्याकडे बंदा आणि अल्लाह यांच्यामध्ये कोणी नाही. फादर नाही, मौलानाही नाही. कोणाच्या बलिदानाने माझे पाप फिटते हे मी मानत नाही. पण तौबेच्या अटी बघा. केल्याचा पश्चात्ताप, ते तिथल्या तिथे सोडणे, पुन्हा न करण्याचा निश्चय. आणि पाप माणसाच्या हक्काचे असेल तर ज्याचे त्याला परत देणे. चौथी अट आणि अंकलच्या फादरची अट एकच आहे. नव्याण्णव खून करणाऱ्याची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. एका राहिबने त्याला तौबा नाही म्हणून सांगितले, तर त्याने त्यालाही मारून शंभर पुरे केले. मग एका आलिमने सांगितले, दार उघडे आहे, पण हे गाव सोड आणि भल्या लोकांच्या गावी जा. तो वाटेतच मेला. ही हदीस आपण अल्लाहच्या रहमतीसाठी सांगतो. गाव सोडायला सांगितले होते, हे घाईत राहून जाते.

आपली पाटी कशी कोरी होते? शब-ए-बरातच्या रात्री मोबाइलवर एकच संदेश दोनशे जणांना जातो: कळत-नकळत दिल दुखावले असेल तर माफ करा. ज्याचे खरोखर दुखावले त्याला फोन जात नाही. मग उमरा होतो, हार-फुले होतात आणि ज्या बहिणीचा हिस्सा दाबला तीच जमजमचे पाणी घ्यायला येते.

ही बहीण काल्पनिक नाही. अब्बा २००७ मध्ये गेले, अम्मी त्यांच्या आधीच गेली होती. कोकणात घर आणि त्यामागची वाडी. मी एक भाऊ, दोन बहिणी. शरियतप्रमाणे निम्मे माझे, पाव-पाव त्यांचे. हा हिशेब करायला मुफ्ती लागत नाही. वर्षभरात दोघींना दुय्यम निबंधक कार्यालयात नेले आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. जबरदस्ती केली नाही. फक्त वाटेत म्हणालो की माहेर उघडे राहायला हवे ना. धाकटीने सही करताना वर पाहिले नाही. इतकी वर्षे मी मनाला सांगत आलो की त्यांनी खुशीने सोडले. नमाज पढलो, रोजे धरले, हजचे पैसे साठवले. आणि अंकलला शनिवार-रविवारवरून डिवचत राहिलो.

त्या रमजानच्या शेवटच्या आठवड्यात हजसाठी ठेवलेल्या पैशांचा हिशेब काढला आणि मोठ्या आपाला फोन केला. ती घाबरली. तब्येत बरी आहे ना, असे तीनदा विचारले. मग म्हणाली, "कशाला रे आता, सोड. लोक काय म्हणतील, भाऊ-बहिणीत वाद झाला." मी म्हटले वाद नाही. ती रडायला लागली आणि फोन तिच्या मुलाने घेतला.

धाकटीला दुसऱ्या दिवशी फोन केला. तिने सगळे ऐकले. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "भाई, तेव्हाच्या भावाने देणार की आजच्या?"

मी आजच्या म्हणालो. हजचे पैसे त्याला पुरत नाहीत. बाकीचे दर महिन्याला जातात.