एक्सायटर आणि खानदेशी ‘शे’

जुन्या तबकडीला एक्सायटर लावला की तिच्यात दडलेला आवाज बाहेर येतो, असे छातीठोकपणे सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. दडलेला असेल तर येईल ना! 1925 पूर्वी कर्ण्यासमोर गाऊन मुद्रण होई, आणि अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही मेणावर उतरतच नसे. लहानपणी जळगावात मेहबूबखाँकडे गाणे शिकलेल्या बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या याच पद्धतीच्या. 1975 साली अ‍ॅफेक्स कंपनीचे यंत्र आले तेव्हापासून एक्सायटर एकच काम करतो: वरच्या पट्टीतला आवाज गाळून घेतो, तो मुद्दाम किंचित बिघडवतो आणि त्यातून निघालेले नवे उपस्वर मूळ आवाजात मिसळतो. हे उपस्वर यंत्राचे, बालगंधर्वांचे नव्हेत. एकाचे गुण दुसऱ्यावर लादणे, वेदान्तात अध्यास म्हणतात तो हाच. 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर असलेल्या अमळनेरात तरी तो समजावून सांगावा लागू नये. शिवाय सुईची खरखरही त्याच गाळणीतून जाते आणि तीही उजळून निघते.

‘पण ऐकायला छान वाटते!’ वाटणारच, आवाज वाढलेला असतो. दोन्ही प्रती एकाच पातळीवर आणून ऐका, निम्मी जादू तिथेच उतरते.

चमक देण्याआधी तबकडीचा वेग तपासावा. मिनिटाला 75 फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी 78 वर फिरवली, तर गाणे अर्ध्या स्वराच्या दोन-तृतीयांशाइतके चढते. ते तसेच ठेवून वर चमक देणे म्हणजे तंबोरा न जुळवता गवसणीला इस्त्री करणे.

म्हणून एक्सायटर फेकून द्यावा, असे मुळीच नाही. झिजलेल्या कॅसेटवरचे कीर्तन अमळनेरात बोरी नदीकाठी भरणाऱ्या सखाराम महाराजांच्या यात्रेत, त्या गलबल्यात ऐकवायचे असेल, तर चिमूटभर जरूर लावावा. शब्द पुढे येतात. फक्त मूळ प्रतीला हात लावू नये, आणि ऐकवायच्या प्रतीवर काय केले ते लिहावे.

अहिराणी बोलीतल्या गाण्यांच्या बाबतीत तर हा हट्टच हवा. ‘आहे’ला खानदेशात कुठे ‘शे’ म्हणतात, कुठे ‘से’. ‘श’चा जोर साधारण तीन हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, ‘स’चा पाच हजारांच्या पुढे, आणि एक्सायटर आपली सळसळ ओततो ती नेमकी त्या वरच्या भागात. उद्या बोलीच्या अभ्यासकाला जात्यावरच्या आजीचा ‘शे’ हा ‘से’ ऐकू आला, तर पडताळायला मूळ फीत कुणाकडे असेल?