पगाराची चिठ्ठी मोठी की सातबारा?



सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे टेम्पोत चढताना आपण पाहतो. सूत कापसाचे, कापूस आपला. पण आज कापसाच्या भावाबद्दल बोलायचे नाही. बोलायचे आहे ते बँकेच्या दारात कोणाला खुर्ची मिळते आणि कोणाला उभे ठेवतात, याबद्दल.

दोन सख्खे भाऊ धरा. थोरला 10 एकर कोरडवाहूत ज्वारी-कापूस करतो. धाकटा कारखान्यात कायम कारकून. दोघांनाही शहरात घर घ्यायचे आहे. धाकट्याने पगाराची चिठ्ठी आणि फॉर्म 16 पुढे केला, त्याचा अर्ज आत गेला. थोरल्याने सातबारा पुढे केला. साहेब विचारतात, "इन्कमटॅक्सचे रिटर्न कुठे आहे?" शेती उत्पन्नाला आयकर नाही म्हणून रिटर्न नाही. रिटर्न नाही म्हणून उत्पन्न नाही. उत्पन्न नाही म्हणून कर्ज नाही!

शहाणे लोक वर आपल्यालाच ऐकवतात, शेतकऱ्याला कर माफ, त्याची चैन आहे. अहो, कर नफ्यावर असतो. जिथे खर्चच निघत नाही तिथे माफी कसली? ही माफी म्हणजे आपल्या नावावर मारलेली काट आहे.

सातबाऱ्यावर मिळते ते पीककर्ज. तेही हेक्टरी ठरवून दिलेल्या दराने, जमिनीच्या बाजारभावाने नव्हे. एमआयडीसीतला प्लॉट तर कारखानदाराच्या मालकीचाही नसतो. तो 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेला. तरी एमआयडीसीच्या संमतीने तो पट्टा गहाण पडतो आणि शेड उभी राहते. पट्टेदाराची पत मोठी, मालकाची लहान!

आता कराचे बघा. धाकट्याने जुनी करपद्धत निवडली तर राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजापोटी वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते. थोरल्याने जमीन विकली तर? 2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख. त्यामुळे महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 6 किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकली की नफ्यावर कर लागू होतो. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत आहे, पण हे विक्रीआधी सांगतो कोण? दलाल तर सांगत नाही. आणि शेवटचा तुकडाही विकलात तर शेतकरी ही ओळखच पुसली जाते. मग पुन्हा शेतजमीन घ्यायला कलेक्टरची परवानगी मागत फिरा.

आमचे भांडण धाकट्याशी नाही. मागावर नगावर राबणाऱ्या कामगाराकडे तरी पगाराची चिठ्ठी कुठे आहे? तोही आपल्याच रांगेत उभा आहे. याच रस्त्याने पुढे कुंभारीला जाऊन बघा. विडी वळणाऱ्या बायांना कोणती बँक दारात उभी करणार होती? त्या संघटित झाल्या. 2006 मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत त्यांना मिळाली. पुढे तिथेच असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचे रे नगर आले, त्यातली 15,000 घरे 19 जानेवारी 2024 रोजी ताब्यात दिली गेली. एकेकट्याची पत शून्य होती, हजारोंची मिळून सरकारला मोजावी लागली.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. बाजार समितीची हिशोबपट्टी, कापूस विक्रीची पावती, दुधाचे बिल हा उत्पन्नाचा पुरावा धरा. घरकर्जाचा हप्ता महिन्याला नको, सुगीला घ्या. मागावरच्या कामगाराला मजुरीची लेखी नोंद द्या.

आणि आपलेही काम आहे. आम्ही शेतकी कॉलेजात मातीची परीक्षा शिकलो. कागदाची परीक्षा मात्र बँकेच्या पायरीवर शिकावी लागली. एकही पट्टी चुलीत घालू नका. कर बसत नसला तरी शेती उत्पन्न दाखवून दरसाल रिटर्न भरा. जमिनीच्या सौद्यावर सही करण्याआधी 6 किलोमीटरचा हिशेब करा.

जिल्हा बैठकीला येताना गेल्या तीन वर्षांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. सगळ्या एकत्र बांधून बँकेच्या टेबलावर ठेवू. मग साहेबांनीच सांगावे, उत्पन्न नाही म्हणून!