एका बिंदूची सक्ती

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यातली मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांना बसतात, तेव्हा घर कसे काढायचे हे ठरलेलेच असते. आधी क्षितिजरेषा, तिच्यावर एक बिंदू, मग भिंती-छपराच्या रेषा त्या बिंदूकडे ओढायच्या. याला यथार्थदर्शन म्हणतात. सपाट कागदात खोली दिसू लागते आणि मुले हरखून जातात, यात काही वावगे नाही. मात्र ही यथार्थता पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सची आहे. आपल्याकडे ती रुजली १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाल्यावर, आणि तीही परीक्षेच्या शिस्तीत.

वास्तूचा आभास निर्माण करण्याची कला या जिल्ह्यात त्याच्या कितीतरी आधीची. नाशिकच्या पांडवलेण्यांतले तिसरे लेणे गौतमी बलश्रीच्या दानलेखामुळे इतिहासकारांना ठाऊक आहे. चित्रकारांनी ते ओसरीसाठी पाहावे. तिथे सहा यक्ष जमिनीतून अर्धे वर आलेले आहेत आणि साऱ्या विहाराचा भार खांद्यावर घेऊन उभे आहेत. खरे तर डोंगरातच कोरलेल्या विहाराला कोणी खांदा देण्याची गरज नव्हती. शिल्पीने ओझे निव्वळ कल्पनेने निर्माण केले, आणि आपणही ते मानतो.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात जातककथेतला राजा महाजनक सिंहासनावर बसला आहे, आणि त्याच भिंतीवर तोच घोड्यावरून वेशीबाहेर पडतो आहे. मंडपाचे खांब आतूनही दिसतात, बाहेरूनही. इथे पाहणारा एका जागी खिळलेला नाही. तो चालतो आहे. जे. जे.च्या ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून विद्यार्थ्यांना नेऊन या भित्तिचित्रांच्या नकला करवल्या. म्हणजे जी शाळा एक बिंदू शिकवत होती, तिचेच विद्यार्थी बिंदूवाचूनची चित्रे उतरवत होते! त्यातून अभ्यासक्रम फारसा हलला नाही.

बिंदूवाचून जागा कशी दाखवायची, हा प्रश्न पुढे नेटाने हाताळला चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी. जन्म १९४९, पुण्याचा. २००५पर्यंत पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ, कर्मभूमी ठाणे. दिवसा माणसाच्या आतले सपाट फिल्मवर वाचायचे आणि उरल्या वेळात शहर रंगवायचे, हा योगायोग मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रात गिरणगाव बदलताना दिसतो, पण कुठून दिसतो हे नेमके सांगता येत नाही. एक भाग वरून, दुसरा रस्त्याच्या पातळीवरून. जागा खरी वाटते आणि तरीही एका नजरेत मावत नाही. युरोपातल्या घनवादाचे ऋण त्यात आहेच. तरी ज्या नजरेने गर्दीतून वाट काढत चालता येते, ती अजिंठ्याच्या भिंतीला परकी नाही.

देवळ्याशेजारी चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, अहिल्याबाईंच्या काळातला. कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवर जुनी चित्रे. मराठा काळातल्या अशा चित्रांना ‘यथार्थदर्शन जमलेले नाही’ म्हणून नाके मुरडण्याची सवय आपल्याला परीक्षेनेच लावली. चित्रकलेच्या शिक्षकांनी एकदा वर्ग चांदवडला न्यावा, पट्टी शाळेतच ठेवावी, आणि मुलांना तो वाडा आतून-बाहेरून एकाच कागदावर काढायला सांगावा. गुण कसे द्यायचे, ते परीक्षा मंडळाने बघावे.