पात्राच्या नावापुढचा कंस

मालिकेच्या संहितेत नवं पात्र आलं की नावापुढे कंसात दोन-तीन शब्द येतात. वय, नातं, कधी गाव. ट्रॅक विनोदी असेल तर बऱ्याचदा आणखी एक शब्द असतो: तोतरा, बहिरी, चकणा, लंगडा, अर्धवट. लिहिणाऱ्याच्या मनात कुणाविषयी राग नसतो. सकाळी सातची शिफ्ट असते, रात्री एकच्या आत सीन पाठवायचे असतात, चॅनेलच्या क्रिएटिव्हने ‘जरा हलकंफुलकं’ मागितलेलं असतं आणि मामाच्या पात्राला स्वभाव द्यायला वेळ नसतो. मग स्वभावाच्या जागी व्यंग बसवलं जातं. नट ते सेटवर घोटून घेतो, दिग्दर्शक आजूबाजूच्या चौघांचे रिअ‍ॅक्शन शॉट उरकतो, आणि संकलनात अडखळलेल्या शब्दावर एक ‘टॉइंग’ पडतं. सीन पास.

आरे कॉलनीला लागून असलेली दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ पासून या उद्योगाला जागा पुरवते आहे. पाचशे एकरांहून मोठा तो डोंगरउताराचा पट्टा, आरेतला झाडांखालचा रस्ता, पिकनिक पॉइंट, हे सगळं कॅमेऱ्याच्या पाठांतरातलं. इथे शूट झालेलं हसू रात्री घराघरांत पोचतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत अडखळत बोलणाऱ्या एखाद्या पोरासमोर वर्गातली मुलं तेच ‘टॉइंग’ तोंडाने वाजवतात. टिंगल म्हणजे नेमकं काय करायचं, कुठे थांबून हसायचं, याची रीतसर तालीम त्यांना पडद्यावरून मिळालेली असते.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी दिलेला निकाल लेखकांच्या टेबलावर असायला हवा. बातम्यांत तो दोन दिवस टिकला आणि मग विरून गेला. उमेश शुक्ला यांच्या ‘आँख मिचोली’ या २०२३ च्या हिंदी चित्रपटावर निपुण मल्होत्रा यांनी आक्षेप घेतला होता. मल्होत्रा स्वतः जन्मापासून अपंग आहेत आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करतात. चित्रपटात विसरभोळ्या झालेल्या वडिलांना ‘भुलक्कड बाप’, ऐकू न येणाऱ्याला ‘साउंडप्रूफ सिस्टिम’ आणि अडखळत बोलणाऱ्याला ‘अटकी हुई कॅसेट’ म्हटलं होतं. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने चित्रपटाला कात्री लावली नाही. सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्रात ढवळाढवळही केली नाही. अपंगत्व पडद्यावर कसं यावं याची एक चौकट मात्र आखून दिली.

त्या चौकटीत धंद्याच्या उपयोगाचं बरंच आहे. वैद्यकीय स्थिती दाखवायची तर ती आधी नीट तपासून घ्यावी, असं न्यायालय म्हणतं. रातांधळेपणा कसा असतो हे न विचारता त्यावर अख्खा गोंधळनाट्याचा डोलारा उभारणाऱ्यांना हे लागू आहे. अंध माणसाला देवाने कानांची जादुई शक्ती दिली, ही भाकडकथाही नको. अपंग पात्र एक तर बिचारं नाही तर अतिमानव, हे दोन्ही साचे नकोत. आणि अपंगांविषयी लिहिताना त्यांनाच वगळू नये. विनोदाबाबत न्यायालयाने एक भेद केला. एक विनोद अपंगत्व समजून घ्यायला मदत करतो, चालत आलेल्या समजुतींना टाचणी लावतो. दुसरा माणसालाच छोटा करतो. पहिल्याला मोकळीक आहे, दुसऱ्याचा हिशेब मागितला जाऊ शकतो.

म्हणजे निकालाने जबाबदारी सेन्सॉरकडून उचलली आणि लिहिणाऱ्याच्या मांडीवर ठेवली. हे बरंच झालं. कारण बोर्डाच्या भरवशावर राहून काय होतं ते दिसलेलं आहे. शारीरिक आणि मानसिक अपंगांची हेटाळणी विनाकारण दाखवू नये, हे केंद्राच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूत्रांत आधीपासून आहे. तरीही २०१६ साली ‘हाउसफुल ३’ मध्ये तीन नायक चाकाच्या खुर्चीतला, अंध आणि मुका असल्याचं सोंग घेतात, आणि चित्रपट रीतसर प्रमाणपत्रासह थेटरांत लागतो.

निकालाची शाई वाळायच्या आत, त्याच जुलैत, एक नमुना समोर आला. निवृत्त क्रिकेटपटूंची स्पर्धा जिंकल्यावर हरभजन सिंग, युवराज सिंग आणि सुरेश रैना यांनी ‘तौबा तौबा’ या गाण्यावर लंगडत, कंबर धरत चालण्याचा एक रील टाकला. पंधरा दिवस खेळून अंग मोडून गेलंय, एवढंच सांगायचं होतं, असा त्यांचा खुलासा. तो खराही असेल. पण अंगदुखी दाखवायला त्यांना जी चाल सुचली ती कुठून आली? ती सिनेमातूनच आली. लंगडं चाललं की हसू येतं, हे हुकमी नाणं पडद्याने पाडलेलं आहे. त्यावर जाहीरपणे आवाज उठवणाऱ्यांत मानसी जोशी होत्या. अणुशक्तीनगरात वाढलेली ही इंजिनिअर मुलगी. २०११ साली मुंबईत दुचाकीवरून जाताना ट्रकने धडक दिली आणि डावा पाय गेला. २०१९ साली बाझेलला त्या पॅरा-बॅडमिंटनच्या जगज्जेत्या झाल्या. देशाच्या लाडक्या खेळाडूंना समाजमाध्यमावर सुनावणं सोपं नव्हतं. ‘विनोद कळत नाही’ हा शेरा ठरलेलाच असतो. प्रकरण पोलिसांत तक्रारीपर्यंत गेलं, रील उतरला, हरभजन यांनी माफी मागितली.

पुढच्याच वर्षी स्टँडअपवाल्यांची पाळी आली. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, म्हणजे एसएमए, या आजाराच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. या आजारावरच्या एका इंजेक्शनची किंमत सोळा कोटींच्या घरात जाते, आणि तान्ह्या बाळासाठी पैसे गोळा करणाऱ्या आईबापांची गोष्ट विनोदाचा माल झाली होती. २५ ऑगस्ट २०२५ रोजी न्या. सूर्यकांत आणि न्या. जॉयमाल्य बागची यांच्या पीठाने समय रैना यांच्यासह पाच विनोदवीरांना आपापल्या वाहिन्यांवर माफी मागायला सांगितलं. नोव्हेंबरात आणखी एक पाऊल पुढे: याच मुलांच्या उपचारनिधीसाठी कार्यक्रम करा.

कोर्टाने विनोदवीराला कार्यक्रम आखून द्यावा का, हा प्रश्न वाजवी आहे आणि तो विचारणारे सगळे काही निर्दयी नाहीत. न्यायालयाच्या हातात पेन गेलं की ते कुठे थांबेल सांगता येत नाही. पण ही वेळ येते ती लेखकाच्या खोलीतलं पेन आधी थांबलं नाही म्हणून. शिवाय कायद्याचं दुसरं टोकही आहेच. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार, लोकांच्या नजरेसमोर अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर पाणउतारा केल्यास सहा महिने ते पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते. संवादलेखकांपैकी किती जणांनी ते कलम वाचलंय, याची चाचणी घेण्यासारखी आहे.

‘मग आम्ही हसायचंच नाही का?’ हा सवाल प्रत्येक वाचनात येतो. त्याचं उत्तर सई परांजपे यांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. दिल्लीच्या अंधशाळेत चित्रित झालेल्या ‘स्पर्श’मध्ये नसीरुद्दीन शाह यांचा मुख्याध्यापक अनिरुद्ध हा काही संत नाही. तो चिडका आहे, अहंकारी आहे, मदतीच्या हाताला झिडकारतो. स्वतःच्या कार्यालयात पाहुणी आलेली कविता कॉफी द्यायला पुढे होते तेव्हा तो भडकतो, कारण यजमान तो आहे. त्या प्रसंगात अवघडलेपण आहे, गंमत आहे आणि पुढच्या प्रेमाची चाहूलही आहे. हसू येतं ते डोळस माणसाच्या घाईवर आणि अंध माणसाच्या ताठ्यावर, अंधत्वावर नाही. पटकथेचा आणि अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. पात्राला आधी स्वभाव द्यायचा आणि मग शरीर, हा क्रम तिथे स्पष्ट दिसतो.

मराठीत १९९१ चा ‘चौकट राजा’ आहे. संजय सूरकरांच्या त्या चित्रपटातला दिलीप प्रभावळकरांचा नंदू आजही लोक विसरलेले नाहीत. नंदूची थट्टा करणारी माणसं चित्रपटात आहेत. म्हणजे थट्टा दाखवायला बंदी नाही. प्रश्न इतकाच की कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे. पुढे २०१४ साली महेश लिमये यांच्या ‘यलो’ने आणखी मोठं धाडस केलं. डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावरच्या या चित्रपटात ती भूमिका तिनेच केली. तिला आणि तिच्या लहानपणाची भूमिका करणाऱ्या संजना राय हिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. निर्मात्यांत रितेश देशमुख होते. दोनच वर्षांनी ‘हाउसफुल ३’ मध्ये अंधाचं सोंग घेणारा नटही तोच. यात कुणाला पकडल्याचा आनंद नाही. एकाच माणसाच्या हातून, एकाच बाजारात, दोन्ही गोष्टी घडतात, एवढं यातून कळतं. संहिता कोणती समोर येते त्यावर बरंच अवलंबून असतं.

अपंग नटांना काम देण्याबाबत मात्र प्रगती मुंगीच्या पावलांची. सांगलीकडच्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सैनिक. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी देशाला पॅरालिम्पिकचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवून दिलं. त्यांच्यावर चित्रपट यायला २०२४ उजाडलं, आणि ‘चंदू चॅम्पियन’मध्ये भूमिका कार्तिक आर्यन यांनी केली. बाजाराचं गणित समजण्यासारखं आहे. नाव लागतं तेव्हा पैसा लागतो. पण मालिकेतला शेजारी, बँकेतला कारकून, वहिनीची मैत्रीण या भूमिकांना कुठलं नाव लागतं? त्या भूमिकेत चाकाची खुर्ची वापरणारी बाई का नसावी, जिचं त्या खुर्चीबद्दल अख्ख्या भागात एकही वाक्य नाही, आणि जी भिशीच्या पैशांवरून भांडते?

ती नसते याचं एक साधं कारण आहे: ती सेटवर पोचूच शकत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो आरे-जेव्हीएलआर स्थानकापर्यंत आली. ते स्थानक जमिनीच्या पातळीवरच आहे. तिथून पुढे रिक्षा, चढ, आणि मग शूटिंगच्या जागेचा उंबरठा, जमिनीवर पसरलेल्या केबल. व्हॅनिटी व्हॅनच्या लोखंडी पायऱ्या इतक्या उभ्या की साडी नेसलेल्या धडधाकट नटीलाही स्पॉटदादाचा हात लागतो. ऑडिशनचा निरोप पाठवताना वय, उंची, रंग सगळं लिहिलं जातं. जागा तळमजल्यावर आहे का, हे लिहायला एक ओळ पुरे. कास्टिंगवाल्यांनी या महिन्यापासून ती घालायला हरकत नाही.

आणि सेटवर बोलायचं कोणी? न्यायालयाची चौकट, कलम ९२, सगळं ठीक. पण ‘सर, हे जरा जास्त होतंय’ हे वाक्य सातव्या तासाला म्हणणारा बहुधा तिसरा सहायक असतो, ज्याची उद्याची शिफ्ट पक्की नाही. म्हणून ते वाक्य सेटवर यायलाच नको. त्याची जागा संहितावाचनात आहे, जिथे अजून पैसा जळत नसतो. २०१९ साली मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या आक्षेपानंतर ‘मेंटल है क्या’ चं ‘जजमेंटल है क्या’ झालं, ते प्रदर्शनाच्या तोंडावर. नाव बदललं, पोस्टर बदलली, खर्च झाला. वाचनाच्या टेबलावर हे फुकटात झालं असतं. मुख्य लेखकाने स्वतःच विचारावं की या पात्राचं व्यंग काढलं तर सीनमध्ये काय उरतं. काहीच उरत नसेल तर सीन लिहिलाच गेलेला नाही.

सल्ल्यासाठी फार लांबही जायला नको. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठीतच आहे. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणाऱ्या सोनाली नवांगुळ मराठीतच लिहितात. त्यांचं लेखन वाचल्यावर कंसातला तो एक शब्द लिहिताना हात अडतो. लेखकांच्या खोलीत अशा अनुभवाचं माणूस मानधन देऊन बसवणं ही त्याच्या पुढची पायरी.

एक नवं कामही आलंय, आणि त्याकडे लेखकांचं लक्ष दिसत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतल्या चित्रपटांसाठी सुलभतेचे निकष काढले: ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅप्शन, न दिसणाऱ्यांसाठी ध्वनिवर्णन. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना आधी, बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत दिली होती. ध्वनिवर्णन म्हणजे दोन संवादांच्या फटीत, पडद्यावर काय घडतंय ते चार-पाच शब्दांत सांगणं. हे तांत्रिक काम नाही, लेखनाचं आहे, आणि अवघड आहे. पांढरी काठी घेतलेला माणूस खांबावर आदळतो आणि सगळे हसतात, हा गॅग आता कोणाला तरी शब्दांत बसवून थेट अंध प्रेक्षकाच्या कानात सांगावा लागेल. लेखक संघटनांनी या कामाचं श्रेय आणि मानधन करारात वेगळं मागून घ्यावं. नाही तर निर्मितीच्या गर्दीत ते डबिंगच्या बिलात जाऊन बसेल, आणि मराठी चित्रपटांचं ध्वनिवर्णन यंत्राने हिंदीवरून उतरवलेलं ऐकावं लागेल.