पऱ्हाटीला भाव नाही, बियाण्याला परवाना नाही



रावेरच्या माणसाला पेशीचे शास्त्र नवीन नाही. तापीकाठच्या बागांतून गेली पंचवीस-तीस वर्षे ग्रँड नैन केळीचे जे रोप लागते, ते प्रयोगशाळेतल्या बरणीतून येते. कोंबाचा बारीक तुकडा घ्यायचा, बरणीत वाढवायचा, एकाची हजारो रोपे करायची, याला टिश्यू कल्चर म्हणतात. बागायतदाराने ते पाहिले, हिशेब केला, परवडले म्हणून घेतले. त्या रोपाला दिल्लीच्या जनुक समितीच्या दारात वर्षानुवर्षे उभे राहावे लागले नाही. म्हणून ते बांधाबांधाने पसरले.

आता बाग सोडून सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरडवाहू शेतात या. दिवाळीला विहीर तळ दाखवते. पावसावर कपाशी आणि काळीतल्या ओलीवर दादर, एवढाच आपला पसारा. जगातले शास्त्र आज याच दोन पिकांपाशी येऊन उभे आहे. एक शास्त्र पेशीचे, दुसरे कोळशाला पर्याय शोधणारे. दोन्ही आपल्या बांधापर्यंत आली आहेत. बांधाच्या आत मात्र येऊ दिली जात नाहीत. त्यांना कोण अडवते, हे जिल्ह्याच्या मेळाव्यात बोलायचे आहे.

आधी पऱ्हाटीचे पाहू. एकरी साधारण एक टन पऱ्हाटी निघते. ती उपटायची मजुरी आपण द्यायची. चार भारे चुलीला, बाकी ढीग बांधावर पेटवायचा. या पऱ्हाटीची उष्णता आपल्या देशातल्या राखाळ कोळशाच्या जवळपास भरते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून फळ्या, कांड्या आणि गोळ्या करून दाखवल्या आहेत. कोळसा जळतो तेव्हा कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पुरलेला कार्बन हवेत येतो आणि परत जात नाही. पऱ्हाटी जळते तेव्हा तिने याच हंगामात हवेतून घेतलेला कार्बन हवेत जातो, पुढच्या हंगामाची कपाशी तो पुन्हा उचलते. कमी कार्बनच्या ऊर्जेचे शास्त्र म्हणतात त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच आहे. त्यासाठी परदेशात परिषदा भरतात. इथे आपण ती ऊर्जा काडी लावून फुकट घालवतो आणि वर धूर करणारा म्हणून शेतकऱ्यालाच दोष लागतो.

आता दीपनगरकडे बघा. भुसावळच्या त्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. बाकीचे संच बाजूला ठेवून या दोघांचाच हिशेब धरू. ते दिवसभर पूर्ण ताकदीने चालले तर २ कोटी ४० लाख युनिट वीज होते. युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला सोळा हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली धोरण काढले आणि २०२३ साली ते सुधारले. कोळशाच्या वीज केंद्रांनी २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के शेतातला काडीकचरा गोळ्या करून जाळावा, असे त्यात ठरले. पाच टक्के म्हणजे रोजचे आठशे टन, म्हणजे रोज आठशे एकरांची पऱ्हाटी. जळगाव जिल्ह्यात कपाशी चार-पाच लाख हेक्टरवर असते. माल आहे, गिऱ्हाईक आहे, मधला रस्ताही फार लांबचा नाही.

मग बाजार का उभा राहत नाही? कारण धोरणात गोळीचा विचार आहे, पऱ्हाटीचा नाही. गोळी कारखानदार विकतो. त्याच्या गोळीचा दर वर ठरतो, वाहतूक आणि मशीनचा खर्च त्यातून वजा होतो, आणि उरले तर शेतकऱ्याला. हे गणित आपल्या ओळखीचे आहे. कापूस एकाधिकार खरेदीत तीस वर्षे हेच पाहिले. गाठीचा भाव आधी, खर्च मधे आणि शेतकरी शेवटी. २०२३ साली केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजनाही अधिसूचित केली. कोळसा वाचवल्याचे श्रेय वीज केंद्राच्या वहीत चढेल. ज्याच्या शेताने तो कार्बन हवेतून ओढला त्याच्या सातबाऱ्यावर काय चढेल, हे कोणी सांगत नाही.

पऱ्हाटीचा प्रश्न केवळ ऊर्जेचाही नाही. इथे पेशीचे शास्त्र मधे येते. बीटी कपाशीत जे प्रथिन असते ते बोंडअळीच्या आतड्यातल्या पेशींना चिकटते, पेशींना भोके पाडते आणि अळी मरते. काही अळ्यांच्या पेशींवरची ती चिकटायची जागाच बदललेली असते. त्या वाचतात आणि त्यांचीच पैदास वाढते. गुजरातेत पहिल्या बीटीला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी २०१० साली जाहीर झाली. पुढे दुसऱ्या बीटीलाही ती पुरून उरली आणि २०१७ साली महाराष्ट्रभर बोंडे फोडली तर आत अळीच निघाली.

यात आपला वाटा किती, हेही प्रामाणिकपणे बोलू. पाकिटाबरोबर आलेले बिगर-बीटी बियाणे आपण कडेने लावले नाही. भावाच्या आशेने फरदड मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवली. अळीला बारा महिने खायला आणि राहायला दिले. उपटलेल्या पऱ्हाटीला न उमललेली बोंडे तशीच राहतात, अळी त्यात झोपते आणि पुढच्या पेरणीला उठते. शास्त्रज्ञ सांगतात, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळे करा, पऱ्हाटीचा चुरा करा. सांगणे बरोबर आहे. पण मजुरीचे पैसे घालून शेत मोकळे करायचे आणि हाती काहीच नाही, तर शेतकरी शेवटच्या दोन वेचण्यांची आशा का सोडील? पऱ्हाटीला जानेवारीत बांधावर रोख भाव मिळाला तर फरदड आपोआप सुटेल. अळीचा मुक्काम मोडायला शेतकऱ्याला उपदेशाच्या शंभर सभांपेक्षा पऱ्हाटीचे एक काटापट्टीचे बिल जास्त उपयोगी पडेल. पालापाचोळा जमिनीला राहू द्यावा, ते खत आहे. काडी विकावी.

आता बियाण्याचे. २००१ साली गुजरातेतल्या शेतात बिनपरवान्याची बीटी कपाशी उभी असल्याचे सापडले, तेव्हा सरकार ती जाळायला निघाले होते. त्या वेळी शेतकऱ्यांच्या बाजूने शरद जोशी उभे राहिले. २००२ साली परवाना मिळाला. २००६ साली दुसरे बीटी आले. त्यानंतर कपाशीत नवीन गुणाचे एकही जनुकीय वाण शेतकऱ्याच्या हाती अधिकृतपणे आलेले नाही. अळी बदलली, तण बदलले, पाऊस बदलला, कायद्याच्या कपाटातले बियाणे तेच राहिले. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाचा अर्ज कंपनीने २०१६ साली मागे घेतला. तरी ते बियाणे गावोगाव येतेच, बिनबिलाने, बिननावाने, कधी खरे आणि कधी खोटे. उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करणार? बंदीने बियाणे थांबले नाही. शेतकऱ्याची पावती तेवढी थांबली. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथे शेतकऱ्यांनी हेच बियाणे उघडपणे पेरले. त्या वेळच्या कायद्यात त्यासाठी पाच वर्षे कैद आणि लाख रुपये दंड लिहिलेला होता. चोरून पेरणारा सुटायचा आणि सांगून पेरणारा गुन्हेगार ठरायचा, असला तो कायदा.

काही सज्जन म्हणतात, पेशीतल्या जनुकाला हात लावणे धोक्याचे आहे. धोका तपासलाच पाहिजे, आम्हीही तेच म्हणतो. पण तपासणीला मुदत असावी आणि निकाल कारणासह जाहीर व्हावा. परीक्षा घ्यायचीच नाही आणि मुलगा नापास म्हणायचा, हा न्याय कोणत्या शाळेतला?

शिवाय शास्त्र आता पुढे गेले. जनुक संपादनात बाहेरचे जनुक आणून घालायचे नसते. पिकाच्या पेशीतल्या स्वतःच्याच अक्षरांत एखादी दुरुस्ती करायची असते. अशा वाणांना केंद्राने ३० मार्च २०२२ रोजी जुन्या जाचक नियमांतून सूट दिली. ४ मे २०२५ रोजी अशी दोन भाताची वाणे जाहीरही झाली. भातवाल्यांचे भले होवो. आमचा प्रश्न एवढाच, कपाशीची आणि दादरची पाळी कधी?

दादरची गोष्ट तर आणखी मजेची. २०२४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेची साल्क संस्था आणि इंग्लंडचे केंब्रिज विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी भात आणि ज्वारी यांची पाने पेशीपेशीने तपासून निष्कर्ष छापले. पानाच्या शिरेभोवती पेशींचे एक कडे असते. भातात त्या पेशी साखर करण्याच्या कामात फारशा पडत नाहीत. ज्वारीत त्याच पेशी कामाला लागलेल्या असतात, म्हणून ज्वारी कमी पाण्यात आणि कडक उन्हात तग धरते. शास्त्रज्ञांना दिसले ते असे की त्या पेशींना ओळख देणारी जुनीच कळ ज्वारीने साखर करण्याच्या कामाला जोडून घेतली. भाताला हे शिकवता येईल का, याचा आता शोध चालला आहे. म्हणजे जगातले नामवंत शास्त्रज्ञ भाताला ज्वारीसारखे करू पाहतात आणि आपले सरकार ज्वारीवाल्याला भाताच्या दावणीला बांधते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे धोरण बघा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर अनेक वर्षे काम करून ताटाच्या रसापासून इथेनॉल काढून दाखवले. दाणा माणसाला, रस इंधनाला, चोथा जनावराला, असे हे तिहेरी पीक. २०१८ च्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नाव आहे. पण इथेनॉल आले ते उसाचे, मक्याचे आणि तांदळाचे. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने आपल्या कोठारातला तांदूळ इथेनॉलवाल्यांना क्विंटलला २,८०० वरून २,२५० रुपयांवर आणला. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीची हमी किंमत ३,६९९ रुपये जाहीर झाली. पाण्यात पिकवलेला, सरकारने खरेदी केलेला तांदूळ पडत्या भावात भट्टीत जाणार असेल तर कोरडवाहू ज्वारीचा रस कोण विचारणार? उसवाल्यांचेही काही खरे नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी एका आदेशाने उसाच्या रसाचे इथेनॉल बंद पाडले होते. सरकारच्या फर्मानावर चालणाऱ्या धंद्यात कोणीच सुखी नसतो.

कापसाचेही तेच. २०१२ च्या मार्चमध्ये निर्यातबंदी केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकी आपल्या वेचणीच्या तोंडावर. परदेशच्या शेतकऱ्याने नवे बियाणे वापरून पिकवलेला कापूस त्या काळात बिनशुल्क आत आला. तेच बियाणे आम्ही पेरले तर बेकायदा. असल्या शर्यतीत आमचे पाय बांधायचे आणि मागे पडलो की अनुदानाचा तुकडा टाकायचा, ही जुनी रीत आहे.

आम्हाला अनुदान नको. शास्त्राला आम्ही देव मानत नाही आणि भूतही मानत नाही. ते अवजार आहे. बैलाने परवडले तर बैल, ट्रॅक्टरने परवडले तर ट्रॅक्टर, हा निर्णय ज्याचे शेत त्याचा. एका कंपनीचीच मिरासदारी बियाण्यावर बसावी, असेही आम्ही म्हणत नाही. सरकारी संस्था, विद्यापीठे, देशी-परदेशी कंपन्या सगळ्यांना येऊ द्या, शेतकरी पारखून घेईल.

म्हणून रावेरहून आमच्या मागण्या अशा:

१. दीपनगरच्या केंद्राने आजवर किती काडीकचरा जाळला, तो कोणत्या तालुक्यातून आणला आणि शेतकऱ्याला बांधावर टनाला काय मिळाले, हा हिशेब दरवर्षी जाहीर करावा.

२. पऱ्हाटीच्या खरेदीवर, वाहतुकीवर, गोळ्या करण्यावर परवान्याचे बंधन नसावे. शेतकऱ्यांच्या गटाला आपला माल थेट वीज केंद्राला विकता यावा आणि कार्बनच्या श्रेयात त्याचा वाटा लेखी असावा.

३. नव्या बियाण्याच्या अर्जावर ठरावीक मुदतीत, कारणे देऊन निकाल द्यावा.

४. कपाशी आणि ज्वारी या कोरडवाहू पिकांच्या जनुक संपादनाला भाताइतकेच प्राधान्य मिळावे.

५. कोठारातला धान्यसाठा पडत्या भावाने भट्टीला देऊन ज्वारीचा बाजार मारू नये.

मेळाव्याला रिकाम्या हाताने येऊ नका. एका कागदावर चार आकडे लिहून आणा. कपाशी किती एकर, पऱ्हाटी कोणत्या महिन्यात उपटली, उपटायला मजुरी किती गेली, आणि तिचे काय मिळाले. चौथ्या आकड्याच्या जागी बहुतेकांच्या कागदावर शून्य असेल. ती सगळी शून्ये गावागावातून गोळा करू आणि दीपनगरच्या दारात आणि कलेक्टरच्या टेबलावर ठेवू. चुलीतल्या राखेचाही हिशेब ठेवणाऱ्या मायबहिणींनी हे काम हाती घेतले तर कागद खोटा ठरणार नाही.